व्होल्तेअर, मिल आणि आपण

(मेहरूण येथील आपल्या विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा बऱ्याच ठिकाणी तशीच राहू दिली आहे.)



समितीच्या मंडळींनी मला विषय दिला, 'बुद्धी आणि स्वातंत्र्य यांचा पुरस्कार करणारे युरोपातील विचारवंत'. मी इतिहासाचा मास्तर. सव्वीस वर्षं खडूची भुकटी खाल्ली, त्यामुळे नावं आणि सनावळ्या पाठ आहेत. म्हटलं, सोपं काम आहे. पण परवा मेहरूण तलावाकडून फिरून येत होतो, तर आपल्या विहारातल्या एक वयस्कर उपासिका भेटल्या. आता त्या समोरच बसल्यात, म्हणून नाव घेत नाही. त्यांनी विचारलं, "गुरुजी, रविवारी काय सांगणार?" मी विषय सांगितला. त्या थांबल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "त्या गोऱ्या लोकायनं आपल्याले काय देलं?"

मला तिथल्या तिथे उत्तर देता आलं नाही. "मावशी, रविवारी सांगतो," म्हटलं आणि निघालो. तेव्हा आजचं भाषण म्हणजे त्यांच्या प्रश्नाला उशिरा दिलेलं उत्तर आहे असं समजा.

आणखी एक प्रश्न माझ्या डोक्यावर उधार आहे. गेल्या वर्षी याच कार्यक्रमात एक पोरगा उभा राहिला होता. त्याने विचारलं, "आपण बाबासाहेबांच्या फोटोला अगरबत्ती लावतो, परीक्षेला जाताना पाया पडतो, नवस बोलल्यासारखे हात जोडतो. हे बाबासाहेबांना चाललं असतं का? आणि त्यांचं एखादं मत आपल्याला पटलं नाही, तर ते इथे बोलता येईल का?" पुढच्या रांगेतून आवाज आला, "खाली बस." तो बसला. त्यानंतर तो विहारात आलेला नाही. खाली बस म्हणणाऱ्यांत मी नव्हतो. पण मी गप्प बसलो होतो, आणि मास्तराने गप्प बसणं हेही एक बोलणंच असतं. त्याच्याकडे मी शेवटी येईन.

प्रथम एका वाळीत टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. त्याचं नाव बारूख स्पिनोझा. जन्म १६३२, हॉलंडमधील आम्स्टरडॅम शहरात. त्याचे लोक ज्यू, पोर्तुगालमध्ये धर्मावरून छळ झाला म्हणून पळून आलेले. म्हणजे ज्यांचा स्वतःचा छळ झाला, त्या लोकांतला हा मुलगा. तो विचारू लागला, की धर्मग्रंथ माणसांनीच वेगवेगळ्या काळी लिहिला नसेल कशावरून? २७ जुलै १६५६ रोजी त्याच्याच समाजाने त्याला बहिष्कृत केलं. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. हुकूम असा, की कोणी त्याच्याशी बोलायचं नाही, त्याला मदत करायची नाही, त्याच्या छपराखाली राहायचं नाही, त्याच्यापासून चार हातांच्या आत यायचं नाही, त्याने लिहिलेलं वाचायचं नाही.

चार हात! बघा बरं. अंतर मोजून माणसाला दूर ठेवायची कला फक्त आपल्याकडेच होती असं मला लहानपणी वाटायचं.

हा माणूस पुढे काचेची भिंगं घासून पोट भरत होता. १६७० साली त्याने एक ग्रंथ छापला, त्यावर स्वतःचं नावसुद्धा घालता आलं नाही. त्यात त्याने सांगितलं, की राज्य कशासाठी असतं, तर माणसाला भीतीतून सोडवण्यासाठी. राज्याचा खरा हेतू स्वातंत्र्य आहे. १६७३ मध्ये हायडेलबर्ग विद्यापीठाने त्याला प्राध्यापकाची जागा देऊ केली. अट एवढीच, की प्रचलित धर्माला धक्का लावायचा नाही. त्याने नम्रपणे नकार कळवला आणि पुन्हा भिंगं घासायला बसला. मावशी, तुम्ही विचारलं काय दिलं. याने दिलेली पहिली गोष्ट ही, की पगारासाठी तोंड बंद करायचं नाही. आमच्या मास्तर लोकांत ही गोष्ट फार थोड्यांना जमली. मलाही जमली नाही.

आता व्होल्तेअर. हा फ्रान्सचा, जन्म १६९४. त्याचं नाव पुष्कळांना माहीत असतं ते एका वाक्यामुळे, की तुझं मत मला मान्य नाही पण ते मांडण्याच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राण देईन, अशा अर्थाचं. आपल्या सभांतूनही ते हमखास ऐकू येतं. मीसुद्धा वर्गात किती वर्षं सांगितलं! पण ते वाक्य व्होल्तेअरचं नाहीच. एव्हलिन बिअट्रिस हॉल नावाच्या इंग्रज बाईंनी १९०६ साली त्याच्या मित्रांवर पुस्तक लिहिलं, त्यात त्याची वृत्ती सांगताना हे शब्द त्यांनी स्वतः योजले. बाईंचं वाक्य पुरुषाच्या नावावर जमा झालं. असं होतं पुष्कळदा.

वाक्य राहू द्या. त्याने केलं काय ते ऐका. फ्रान्सच्या दक्षिणेला तुलूझ नावाचं शहर आहे. तिथे झाँ काला नावाचा कापडाचा व्यापारी होता. राज्याचा धर्म कॅथलिक, हा प्रॉटेस्टंट. १७६१ च्या ऑक्टोबर महिन्यात त्याचा मोठा मुलगा घरातच मरण पावलेला सापडला. बाहेर गर्दी जमली आणि गर्दीतून कोणीतरी ओरडलं, की पोरगा कॅथलिक व्हायला निघाला होता म्हणून बापानेच मारलं. झालं. पुरावा काही नाही, आवई मात्र गावभर. कोर्टाने ती आवई खरी मानली. १० मार्च १७६२ रोजी त्या म्हाताऱ्या बापाला चाकाला बांधून हाडं मोडून ठार केलं. शेवटपर्यंत तो म्हणत होता, मी निर्दोष आहे.

व्होल्तेअर तेव्हा ६७ वर्षांचा. पैसा, नाव, सगळं होतं. काला त्याच्या नात्याचा नाही, गावाचा नाही, पंथाचा तर नाहीच. व्होल्तेअरला त्या पंथाबद्दल फारसं प्रेमही नव्हतं. पण त्याने त्या कुटुंबाच्या लोकांना बोलावून घेतलं, विचारपूस केली, कागद गोळा केले, वकील लावले, मोठमोठ्या लोकांना पत्रांवर पत्रं लिहिली. १७६३ साली सहिष्णुतेवर पुस्तक लिहिलं. तीन वर्षं हा एकच ध्यास. शेवटी ९ मार्च १७६५ रोजी काला निर्दोष असल्याचा निकाल लागला. मेलेला माणूस परत आला नाही. पण त्याच्या बायकोला आणि मुलांना मान वर करून चालता आलं.

ही गोष्ट मी लांबवली, कारण ती आपल्या ओळखीची आहे. धर्म बदलणं, बदलणार असल्याची नुसती आवई उठणं, त्यावरून गावाने घर घेरणं. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर खेड्याखेड्यांतून आपल्या वडीलधाऱ्यांनी काय काय सोसलं, त्याच्या गोष्टी तुम्ही घरी ऐकलेल्या आहेत. मला सांगायचंय ते हे, की व्होल्तेअरने स्वातंत्र्यावर नुसता निबंध लिहिला नाही. परक्या माणसाच्या खटल्याचे कागद वाचले. बुद्धिवाद म्हणजे हे कागद वाचणं. गर्दी ओरडते तेव्हा "पुरावा काय?" एवढं विचारणं.

तिसरा माणूस आपल्याला सगळ्यात जवळचा, आणि तो जवळचा आहे हे बऱ्याच जणांना माहीत नाही. टॉमस पेन. १७३७ साली इंग्लंडमध्ये थेटफर्ड या गावी जन्मला. बाप बायकांच्या कंबरेच्या कंचुक्या शिवणारा कारागीर, आणि पोरगाही आधी तेच शिकला. (हे मी मुद्दाम सांगतो. कांटचा बाप घोड्याचा चामडी साज करायचा, रूसोचा बाप घड्याळं करायचा. तत्त्वज्ञ म्हणजे सात पिढ्या पोथ्या वाचणाऱ्या घरातलाच असावा लागतो, हा समज काढून टाका.) पेन ३७ व्या वर्षी अमेरिकेत गेला. १७७६ च्या जानेवारीत त्याने एक लहानसं पुस्तक काढलं आणि राजा कशाला हवा, असा साध्या भाषेत प्रश्न टाकला. मग फ्रान्समध्ये क्रांती झाली, तिच्या बाजूने त्याने 'राइट्स ऑफ मॅन' म्हणजे 'मानवाचे हक्क' हा ग्रंथ लिहिला. पहिला भाग १७९१, दुसरा १७९२. इंग्लंडने त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरला. फ्रान्सने त्याला प्रतिनिधी म्हणून निवडून घेतलं. तिथे सगळे म्हणत होते राजाचं मुंडकं उडवा, तर हा राजेशाहीचा वैरी उभा राहून म्हणाला, राजेशाही नको, पण माणसाला मारू नका. त्याबद्दल क्रांतिकारकांचा रोष त्याने ओढवून घेतला, आणि पुढे त्यांनीच त्याला तुरुंगात घातलं. १८०९ साली तो अमेरिकेत मेला तेव्हा मयतीला मोजून पाच-सहा माणसं होती.

पेनच्या मागे चालायला कोणी नव्हतं. पण पुण्यात १८४७ च्या सुमारास वीस वर्षांचा एक माळ्याचा मुलगा मित्रांबरोबर 'राइट्स ऑफ मॅन' वाचत बसला होता. त्याचं नाव जोतीराव गोविंदराव फुले. दुसऱ्या वर्षी, १८४८ मध्ये, पुण्यात मुलींची शाळा निघाली. सावित्रीबाई तिथे शिकवायला गेल्या. मी असं म्हणणार नाही, की पेन वाचला म्हणून शाळा निघाली. जोतीरावांनी त्याच सुमारास ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत अपमान सोसला होता, मिशनच्या शाळेत शिक्षण घेतलं होतं, शेतकऱ्याचे हाल डोळ्यांनी पाहिले होते. पण मनात जी आग आहे तिला शब्द लागतात, आणि ते शब्द कंचुक्या शिवणाऱ्याच्या पोराने दिले. १८७३ साली जोतीरावांनी 'गुलामगिरी' लिहिली तेव्हा ती कोणाला अर्पण केली? अमेरिकेतल्या ज्या सज्जनांनी निग्रोंना गुलामीतून सोडवलं, त्यांना. पुण्याचा माणूस अमेरिकेच्या गुलामाचं दुःख स्वतःचं मानतो, यालाच मी सोयरीक म्हणतो.

आगरकरांवर बोलायला वेळ नाही. एवढंच सांगतो, की त्यांचा जन्म १४ जुलै १८५६ चा. १४ जुलैलाच १७८९ साली पॅरिसच्या लोकांनी बास्तीचा किल्ला पाडायला घेतला होता. हा योगायोगच, त्यात काही अर्थ शोधू नका. ते मिल आणि स्पेन्सर वाचून तयार झाले, १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, आणि सनातन्यांनी ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. चाळिशीही गाठली नाही त्यांनी.

आता मिल. जॉन स्टुअर्ट मिल, १८०६ ते १८७३. याच्याबद्दल मला जरा कडू बोलायचं आहे आणि गोडही.

कडू आधी. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपला खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेला. १८२३ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, हा मिल लंडनमध्ये त्याच कंपनीच्या कचेरीत कारकून म्हणून लागला. वर बाप साहेब होताच. त्याने हिंदुस्थानला पाठवायच्या खलित्यांचे मसुदे लिहिले, चढत चढत मोठा अधिकारी झाला, १८५८ मध्ये कंपनीचं राज्य गेलं तेव्हा घरी बसला. पस्तीस वर्षं. हिंदुस्थानात एकदाही आला नाही. आणि निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी, १८५९ ला, त्याचं जगप्रसिद्ध पुस्तक आलं, 'ऑन लिबर्टी', स्वातंत्र्याविषयी! त्यात पहिल्याच प्रकरणात त्याने एक अट घालून ठेवली आहे, की हा स्वातंत्र्याचा सिद्धांत मागासलेल्या समाजांना लागू नाही. तिथे त्यांच्या भल्यासाठी हुकूमशाही चालेल. म्हणजे आपल्याला नाही. तापीकाठचा शेतकरी सारा भरतो, त्यातून मिलचा पगार निघतो, आणि मिल स्वातंत्र्य लिहितो ते दुसऱ्यांसाठी.

हे एकट्या मिलचं नाही. इंग्लंडचा लॉक माणसाच्या नैसर्गिक हक्कांवर लिहितो आणि गुलामांचा व्यापार करणाऱ्या कंपनीत पैसे गुंतवतो. जर्मनीचा कांट १७८४ साली सांगतो, की दुसऱ्याच्या बुद्धीने चालणं हे आपणच ओढवून घेतलेलं बाळपण आहे, स्वतःची बुद्धी वापरायची हिंमत करा; आणि तोच कांट काळ्या लोकांविषयी असं लिहून गेला आहे, की इथे सांगायला लाज वाटावी. फ्रान्समध्ये १७८९ ला माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला. ऑलिंप द गूज नावाची बाई म्हणाली, माणसाचे हक्क लिहिले, बाईचे कुठे? तिने १७९१ ला स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला. १७९३ च्या नोव्हेंबरात तिला गिलोटिनवर चढवलं.

मग मावशी म्हणतील, "पाहा, म्हनून तर मी विचारलं!" बरोबर आहे. पण पुढचं ऐका. फ्रान्सची एक वसाहत होती, सेंट डोमिंग. उसाचे मळे आणि त्यात राबणारे लाखो आफ्रिकन गुलाम. त्यांच्या कानावर पॅरिसची बातमी गेली. त्यांनी १७९१ मध्ये बंड केलं. सगळी माणसं समान म्हणता ना, मग आम्ही कोण? फ्रान्सला १७९४ मध्ये गुलामगिरी रद्द करावी लागली. नेपोलियनने १८०२ मध्ये ती परत आणली, तर त्याच्या फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ रोजी त्या गुलामांनी आपलं स्वतंत्र राष्ट्र उभं केलं, हैती. पॅरिसच्या साहेबांनी शब्द लिहिले तेव्हा त्यांना स्वतःलाही ते कुठवर जातील हे माहीत नव्हतं. गुलामांनी ते शब्द खरे मानले. माझं मत असं, की ज्याने लिहिलं त्याच्याइतकाच, कधी कधी जास्तच, तो विचार खरा मानणाऱ्याचा असतो.

आता मिलचं गोड. १८५१ साली त्याचं हॅरिएट टेलर यांच्याशी लग्न ठरलं. तेव्हाच्या इंग्रजी कायद्याने लग्न झालं की बाईचा पैसा, कमाई, निर्णय, सगळं नवऱ्याचं. मिलने लग्नाआधी स्वतःच्या हाताने एक कागद लिहून ठेवला, की कायदा मला जे अधिकार देतो ते मला मान्य नाहीत, मी ते कधी वापरणार नाही, आणि लग्नानंतरही ती आधी होती तेवढीच मोकळी राहील. पुढे पार्लमेंटात निवडून गेल्यावर त्याने १८६७ मध्ये बायकांना मताचा हक्क द्या अशी दुरुस्ती मांडली. ७३ मतं बाजूने, १९६ विरोधात. पडली. पडेल हे त्याला ठाऊक होतं. आपल्याकडे बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं. त्यांनाही काय होणार ते दिसत होतंच की.

इथे मला स्वतःचं एक सांगायचं आहे. बी.ए.ला मला मिल होता. नोट्स काढल्या, पास झालो, नोकरी लागली. त्याच सुमारास माझी धाकटी बहीण एस.एस.सी. झाली. तिला नर्सिंगला जायचं होतं, बाहेरगावी, होस्टेलला राहून. वडील नव्हते, घरात मी मोठा. ती म्हणाली, "दादा, फॉर्म भरू का?" मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?" विषय संपला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न करून दिलं. तिचं बरं चाललंय, तक्रार नाही. पण मिलच्या त्या कागदाबद्दल मी वर्गात पोरांना सांगायचो तेव्हा दर वेळी मला तिचा तो कोरा फॉर्म आठवायचा. पुस्तक मी वाचलं होतं, तिने नाही. आणि स्वातंत्र्याचा अर्थ तिला कळला होता, मला नाही.

असो. आपल्या खानदेशातही तत्त्वज्ञानाचं एक मोठं ठिकाण आहे, ते पोरांनी एकदा पाहून यावं. अमळनेरचं तत्त्वज्ञान मंदिर. गिरणीमालक प्रतापशेठ यांनी १९१६ साली ते काढलं. आपल्याकडून सुरतेच्या गाडीत बसलं की अमळनेर लागतं. तिथे देशातले मोठमोठे तत्त्वज्ञ येऊन राहिले. रासबिहारी दास यांनी कांटच्या ग्रंथावर जे मार्गदर्शक पुस्तक लिहिलं ते पुढे पुष्कळ विद्यार्थ्यांनी वापरलं. हे दास अमळनेरच्या मंडळींतले. म्हणजे केळीच्या आणि कापसाच्या मुलखात कांट वाचला जात होता. पण तिथला मुख्य ओढा अद्वैत वेदान्ताकडे. सगळ्यांत एकच आत्मा आहे हे सिद्ध करायला तिथे जाडजूड ग्रंथ होते. मग गावकुसाबाहेरच्या माणसाला विहिरीवर पाणी का नाही, हा प्रश्न त्या ग्रंथांतून सुटत नव्हता. साने गुरुजी तिथे काही काळ राहिले, आणि बाहेर पडून शाळेत मास्तर झाले. पुढे १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना उघडावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. मंदिरात जाणं हा आपला मार्ग नव्हे, ते बाबासाहेबांनी केव्हाच सांगितलं होतं. तरी त्या माणसाच्या पोटतिडकीला मी मान देतो.

आता मूळ प्रश्नाकडे. बाबासाहेबांनी या लोकांकडून काय घेतलं?

एक तर ते कोणालाही न तपासता घेत नव्हते. १९१८ साली, वय २७, अजून बॅरिस्टर व्हायचे होते, तेव्हा त्यांनी बर्ट्रांड रसेलच्या समाजाच्या पुनर्रचनेवरील पुस्तकाचं परीक्षण लिहिलं. रसेल म्हणजे त्या काळचं इंग्लंडचं मोठं नाव, युद्धाला विरोध केला म्हणून त्याच वर्षी तुरुंगात गेलेला. आपला तरुण त्याची बाजू समजून घेतो, हिंदुस्थानातले लोक त्याचा सोयीस्कर अर्थ काढून 'बघा, पाश्चात्त्यही शांत बसायला सांगतात' म्हणतील म्हणून आधीच सावध करतो, आणि पैशाच्या हव्यासाबद्दल रसेल जे म्हणतो ते एकांगी आहे, असं स्पष्ट लिहितो. पाया पडला नाही, आणि धुडकावलंही नाही. वाचलं, तोललं, पटलं तेवढं घेतलं.

दुसरं, २५ नोव्हेंबर १९४९. घटना समितीतलं शेवटचं मोठं भाषण. आपण त्यातला विसंगतीच्या जीवनाचा भाग नेहमी ऐकतो, की २६ जानेवारी १९५० ला राजकारणात समता येईल आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता राहील. त्याच भाषणात त्यांनी मिलचं नाव घेऊन इशारा दिला आहे, की कितीही मोठा माणूस असो, आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका. धर्मातली भक्ती माणसाला कदाचित कुठे नेत असेल, पण राजकारणातली भक्ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते, असं ते म्हणाले. थोर माणसाबद्दल कृतज्ञता असावी, पण कृतज्ञतेलाही मर्यादा आहे, हेही सांगितलं. ज्या मिलने आपल्याला 'मागासलेले' म्हणून स्वातंत्र्यातून वगळलं होतं, त्याचंच वाक्य घेऊन एका अस्पृश्याच्या मुलाने पस्तीस-छत्तीस कोटींच्या देशाला ताकीद दिली. हैतीच्या गुलामांसारखंच आहे हे. मावशी, मला वाटतं तुमचं उत्तर इथे आहे. त्यांनी दिलं थोडं, राखून ठेवलं जास्त. आपल्या माणसांनी ते राखून ठेवलेलं काढून घेतलं.

आणि तिसरं. पोरं वाद घालतात, की स्वातंत्र्य, समता, बंधुता हे फ्रान्सचं की बुद्धाचं. ३ ऑक्टोबर १९५४ रोजी आकाशवाणीवर बाबासाहेबांनी स्वतःच उत्तर दिलं आहे. हे तीन शब्द मी फ्रेंच राज्यक्रांतीकडून उसने घेतलेले नाहीत, माझ्या तत्त्वज्ञानाचं मूळ राजकारणात नाही, धर्मात आहे, आणि ते मी माझे गुरू बुद्ध यांच्या शिकवणीतून घेतलं, असा त्याचा आशय. काही जण यावरून म्हणतात, मग त्या युरोपवाल्यांना वाचायचं कशाला? मला हे पटत नाही. बाबासाहेबांनी हे म्हटलं ते आयुष्यभर त्या लोकांना वाचल्यावर. 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात ते हिशोब मांडतात, की फ्रान्सच्या क्रांतीने घोषणा दिली पण समता आणता आली नाही. रशियाने समतेचं नाव घेतलं, पण त्यासाठी बंधुता आणि स्वातंत्र्य यांचा बळी देता येणार नाही. तिन्ही एकत्र नांदतात ती वाट बुद्धाची. हिशोब तपासायला वही वाचावी लागते. न वाचता 'आमच्याकडे सगळं होतंच' म्हणणं सोपं, ते दुसरे लोकही त्यांच्या वेदांबद्दल म्हणतात.

बुद्धाने काय केलं? केसपुत्त गावचे कालाम लोक गोंधळलेले होते. एक श्रमण येतो तो म्हणतो माझं खरं, दुसरा येतो तो म्हणतो माझं खरं. त्यांनी तथागतांना विचारलं. तथागत म्हणाले नाहीत, की खाली बसा. म्हणाले, तुम्हाला शंका येते ती योग्यच आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. अकुशल काय, कुशल काय, ते स्वतः पारखा. कांटच्या दोन हजार वर्षं आधी ही गोष्ट झाली. वर्षावासात आपण हे दरवर्षी वाचतो. पुस्तक मिटून कपड्यात गुंडाळून कपाटात ठेवतो.

त्या पोराच्या प्रश्नाचे दोन भाग होते. अगरबत्तीबद्दल माझं मत असं, की फुलं वाहणं, वंदन करणं यात कृतज्ञता आहे, ते असू द्या. पण परीक्षेत पास कर असं मागणं म्हणजे बाबासाहेबांना त्यांनीच नाकारलेल्या जागी नेऊन बसवणं आहे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हे शोभत नाही. इथे बऱ्याच जणांना हे पटणार नाही, ते चेहऱ्यांवर दिसतंय. कार्यक्रम झाल्यावर माझ्याशी भांडा, मी चहापर्यंत थांबणार आहे. दुसरा भाग, मतभेद बोलता येईल का? २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण वाचलं तर उत्तर होय असंच येतं. मी ते गेल्या वर्षी तिथेच उभं राहून सांगायला हवं होतं. सांगितलं नाही.

समितीला मी एक विनंती लेखी दिली आहे. पौर्णिमेच्या कार्यक्रमानंतर अर्धा तास नुसता प्रश्नांसाठी ठेवावा, आणि त्यात पहिला प्रश्न बाईने किंवा पंचविशीच्या आतल्या कोणी विचारावा. अध्यक्षांनी विचार करू म्हटलं आहे. आणि तो पोरगा सध्या दिवसा दुकानात काम करतो, रात्री अभ्यास करतो. त्याच्या घरी मी परवा जाऊन आलो. तो नव्हता, त्याची आई होती. तिने चहा केला. म्हणाली, "गुरुजी, तो आता येनार नाही म्हनतो." मी म्हटलं, मी परत येतो. येत्या रविवारी सकाळी जाणार आहे. गेल्या वर्षी पुढच्या रांगेत जे होते त्यांच्यापैकी कोणाला माझ्याबरोबर यायचं असेल, तर आठ वाजता विहाराच्या दारापाशी उभे राहा.

नमो बुद्धाय. जय भीम.